घशाला धरणारं तेल

एकोणीसशे छत्तीस साल नुकतंच लागलं होतं, माघातली थंडी होती, आणि चिमाजीनं सकाळी उठून डोक्याला घासलेट चोळलं. कोनाड्यात दोन बाटल्या होत्या, एक खोबरेलाची आणि एक दिव्यात घालायची. अशा थंडीत खोबरेल थिजून बसतं आणि बाटली उन्हात धरल्याशिवाय थेंब सोडत नाही, हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. ही बाटली कलंडल्याबरोबर वाहिली, यातच काय ते समजायला हवं होतं. समजलं नाही. त्यानं टाळूवर थापलं, कानशिलांवर ओढलं, उरलेलं मिशीला पुसलं आणि आरशासमोर उभा राहिला. वत्सलाबाई चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. "अहो, हे काय लावलंत?" चिमाजीनं तिच्या नजरेमागून आपली नजर कोनाड्यापर्यंत नेली आणि बाटली ओळखली. मग बोटं नाकाशी नेली. नेली ती तिला दिसावीत म्हणून. "घासलेट," तो म्हणाला. "कोंड्याला चांगलं असतं." "कोंडा व्हायला आधी केस लागतात," वत्सलाबाई म्हणाली, आणि शिकेकाई उकळायला आत गेली. तिनं आणखी काही विचारलं नाही. बायका विचारत नाहीत तेव्हा त्यांना काहीच कळलेलं नसतं किंवा सगळं कळलेलं असतं, आणि यातलं कोणतं हे चिमाजीला श्रावणापासून ठरवता आलेलं नव्हतं.

श्रावणात त्याला ताप आला होता. ताप गेला, पडसं गेलं, आणि त्यांच्याबरोबर वास गेला. आधी वाटलं येईल परत. गणपतीत वाटलं, दसऱ्यात वाटलं, दिवाळीत घरभर उटणं चोळलं गेलं तेव्हा चिमाजी पाटावर बसून एखाद्या परक्या घरी आल्यासारखा भिंतीकडे बघत राहिला. जेवणात खारट कळे, गोड कळे, तिखट कळे, म्हणून तो ठेचा फार खाऊ लागला. बाकी भाजी ही नुसती मऊ किंवा टणक असे. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं सांगून टाकलं असतं आणि चार जणांनी चार काढे सुचवले असते. पण चिमाजी नाशिकच्या तेलाच्या पेठेतला पारखी होता. त्याचे वडील पारखी होते. दहीपुलाजवळच्या दुकानांत नवा डबा फोडला की चिमाजीला बोलावणं जाई. तो तळहातावर थेंब घेई, दुसऱ्या तळव्यानं घासून ऊब आणी, हुंगे, आणि तोंडानं काही बोलत नसे. तेल पसंत पडलं तर हात मिशीवरून फिरवायचा, नापसंत पडलं तर खाली वाकून मातीला पुसायचा, अशी त्या पेठेतली रीत होती. मातीला पुसलेलं तेल त्या दिवशी विकत नसत. चिमाजीनं यात कधी गर्व केला नाही. नाकानं कांदे सोलणारे पुष्कळ होते, तो नुसतं काम करी.

श्रावणानंतरही तो काम करतच राहिला, हीच त्यातली गंमत होती. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा जावंच लागलं. हात चोळले, नाकाशी नेले, आणि तिथं काहीच नव्हतं, आपलाच तळहात होता. सवयीनं डोळे अर्धवट मिटले आणि पापण्यांतून समोर विकणारा दिसला. तो गुडघा हलवत होता. चिमाजीनं हात मातीला पुसला. विकणारा ओरडला नाही की भांडला नाही, डब्यावर झाकण ठेवून मुकाट्यानं चालता झाला. त्या दिवसापासून चिमाजी तेल हुंगेनासा झाला आणि तेलवाला हुंगू लागला. चांगला माल घेऊन येणारा माणूस कंटाळलेला असतो, भेसळ करणारा उत्साहात असतो. करडईत काही मिसळून आणणारा माणूस उगाच पावसापाण्याचं बोलतो. महिन्यामागून महिने गेले आणि निवाडा चुकला अशी एकही तक्रार आली नाही. याचं समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी एक विचित्र शंका येऊ लागली, की नाक होतं तेव्हा तरी आपण खरंच हुंगत होतो का. लहानपणी वडील अंधारात त्याच्या तळव्यावर थेंब टाकत आणि विचारत, "काय?" तो सांगे, तीळ. तो सांगे, जवस, खुरासणी, शेंगदाणा. नावं अजून जशीच्या तशी होती, पण गेलेल्या नातलगांची असतात तशी. हाक मारली तरी कुणी येत नव्हतं.

शिकेकाई उकळायच्या आतच दाराशी आलेला टांगा नाशिकरोड ओलांडून लाम रोडला लागला तसा खंडेराव मागं वळला. खंडेराव हा वत्सलाबाईचा धाकटा भाऊ, निफाडकडचा, पेठेत स्वतःचं दुकान असलेला, आणि चिमाजीला विचारल्याशिवाय वातीपुरतंही तेल न घेणारा. आजची ही स्वारी त्याचीच. देवळालीच्या छावणीत एका स्पॅनिश माणसाचं छोटं दुकान होतं. तो आपल्या देशाचं ऑलिव्हचं तेल विकत असे. गोरे लोक आणि सॅनिटोरियममधले पारशी नेत. नाशकात हेच तेल औषधांच्या दुकानात बोटभर बाटलीत मिळे आणि डॉक्टर ते तान्ह्या पोरांना चोळायला सांगत. खंडेरावाच्या डोक्यात आलं होतं की हा माल आपण डब्यांनी घ्यावा आणि साऱ्या शहराला पुरवावा. फक्त दाजींनी एकदा बघायला हवं. "दाजी," तो आता म्हणाला, "ह्या टांग्याला घासलेटाचा वास लय मारतोय." "माझ्या कंदिलात टिपूस नाय शेठ," टांगेवाला दुखावून म्हणाला, "वास कुठून येईल?" दोघंही चिमाजीकडं बघू लागले, कारण वासाचा प्रश्न होता. "रस्त्याचा असेल," चिमाजी म्हणाला. तेवढ्यावर दोघांचं समाधान झालं. खंडेरावानं तर रस्त्याकडं नाक करून, "हां, रस्त्याचाच," असंही म्हटलं.

दोन्ही बाजूंना बंगले होते, बोगनवेली होत्या, आणि चिमाजी हे सगळं काचेआडून बघावं तसं बघत होता. आज तोंड दिसेल, पण परक्या मुलखाचं दिसेल, हे त्याला रात्रीपासून डाचत होतं. नाशिककर, मालेगावकर, मारवाडी, बोहरी, सगळ्यांची तोंडं वाचता येत. यांनी कुठं लपवलं आणि कुठं दाखवलं ते कळे. स्पेन देशातली माणसं खोटं बोलताना काय करतात, गुडघा हलवतात की हलवत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? निवाडा चुकला तर खंडेराव बुडेल. आणि चुकला हे कळलं तर पेठेत एका दिवसात बोभाटा होईल, मागचे सगळे निवाडे उकरले जातील आणि दहीपुलाजवळून जाताना लोक त्याच्याकडं दयेनं बघतील. रागानं बघितलेलं त्याला चाललं असतं. दयेची मात्र साधी भीती वाटत होती, आणि इतक्या महिन्यांत आपल्याला काहीतरी वाटतंय याचं त्यातल्या त्यात नवल वाटत होतं.

दुकान म्हणजे एका जुन्या बंगल्याची पुढची खोली होती. फरशी धुतलेली, भिंतीला चुना, फळ्यांवर पत्र्याचे डबे आणि त्यांवर झाडाखाली बसलेल्या बाईचं चित्र. मालकाचं नाव एलादिओ, पण टांगेवाले त्याला अल्लाउद्दीन म्हणत आणि तो त्यालाही ओ देई. बुटका, जाड भुवयांचा माणूस. बोटीवर आचारी होता, मुंबईला उतरला तो उतरलाच. त्याची बायको कार्मेलिन मूळची गोव्याची, पण छावणीतच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे मराठी बोलत होती. "या शेठ, बसा," ती म्हणाली. "सकाळपासून तुमचीच वाट बघतोय." मधोमध लांब टेबल मांडलं होतं. एलादिओ एकेका बशीवर बोट ठेवून बोलू लागला आणि ती सांगू लागली. हे चीज मेंढीच्या दुधाचं, ला मांचाचं. हे लाल तिखट एस्त्रेमादुराचं, मिरच्या धुरावर वाळवतात. ही वडी नासपतीच्या भावकीतल्या कुठल्याशा फळाची. हे बदाम, हा पाव, आणि ही तेलं: अरागॉनचं, कॅटालोनियाचं, आणि कडेचं ते त्याच्या स्वतःच्या गावचं, हाएनकडचं. प्रत्येक मुलखाचं तेल वेगळं, तो म्हणतो, जशी प्रत्येक गावची बोली वेगळी.

खंडेराव चीजकडं बघून अंग चोरून बसला. "आम्ही पाव नाय खात," तो कार्मेलिनला म्हणाला. "तेल बघू. तेलाला विटाळ नसतो." हा नियम पेठेतलाच होता; चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, असं मानून जुने लोकही कुणाच्याही हातचा थेंब जिभेला लावत. तेवढ्यात एलादिओ थांबला. त्यानं मान वर केली, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. उठून खिडकी उघडली. कोपऱ्यातल्या दिव्याजवळ गेला, वाकला, परत आला. टेबलाला वळसा घालून तो खंडेरावाच्या मागून गेला, चिमाजीच्या मागं आला आणि तिथं थांबला. चिमाजीला त्याचा श्वास टाळूवर लागला. संपलं, चिमाजीच्या मनात आलं, आणि ते इतक्या शांतपणे आलं की जणू दुसऱ्याच कुणाचं तरी संपत होतं. तेलाची पारख करायला कुणी डोक्याला घासलेट लावून येत नाही. येईल तो एक तर वेडा असेल, नाही तर... एलादिओ पुन्हा पुढं आला आणि समोर बसला. त्यानं चिमाजीकडं पाहिलं. चिमाजीनं पापण्या अर्ध्या मिटून ते तोंड वाचायचा प्रयत्न केला. तोंड हसत होतं. ते पावाकडं बघून हसलं होतं, बदामांकडं बघून हसलं होतं, आणि आता त्याच्याकडंही तसंच हसत होतं.

पहिलं तेल आलं. चिमाजीनं तळव्यावर घेतलं, घासलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. ओलं होतं. दुसरं आलं, तेही ओलं होतं. खंडेराव त्याच्या हाताकडं बघत होता, हात मिशीकडं जातो की खाली जातो, आणि हात मधेच राहत होता. खाली जाऊन उपयोगही नव्हता. इथं माती नव्हती, लख्ख फरशी होती. "शेठना आवडलं?" कार्मेलिननं विचारलं. "दाजी घाई करत नाहीत," खंडेराव अभिमानानं म्हणाला. ती जरा वेळ पदर सारखा करावा तशी फ्रॉकची कड सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही घेतलंत तर आम्ही इथं राहू. नुसत्या छावणीवर भागत नाही आता. नाही घेतलंत तर ईस्टर झाल्यावर दुकान मोडून त्याच्या गावी जायचं ठरलंय. घर आहे तिथं, झाडं आहेत." "तिकडं गडबड चाललीय म्हणे, आपसात मारामाऱ्या," खंडेराव म्हणाला. त्याच्या दुकानात वर्तमानपत्र येत असे. "तो म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत सगळं शांत होईल," कार्मेलिन म्हणाली. "मी कधी बघितलेलं नाही ते गाव." तिचं तोंड वाचायला काहीच अवघड नव्हतं. तिला जायचं नव्हतं.

एलादिओनं मधली बाटली बाजूला सारली आणि कडेची, आपल्या गावची घेतली. हिरवट, गढूळसं तेल होतं. तळव्यावर घालायला चिमाजीनं हात पुढं केला तर त्यानं मान हलवली आणि मोठा चमचा भरून समोर धरला. बायकोला काहीतरी सांगितलं. "सगळं एकदम गिळा म्हणतो," कार्मेलिन म्हणाली, आणि मग थोडी अडखळून, "तो म्हणतो, या तेलाला नाक लागत नाही." चिमाजीनं चमचा घेतला. आधी काहीच झालं नाही, पहिल्या दोघांसारखंच ते ओलेपण घशाकडं गेलं. मग घशाच्या तळाशी कुणीतरी काडी ओढली. ठेच्यासारखं जिभेवर नव्हे. खोल, मागून, उशिरा. त्याला ठसका लागला. पुन्हा लागला. डोळ्यांत पाणी आलं, कानांपर्यंत ऊब गेली, आणि तो टेबलाला धरून राहिला. किती महिन्यांनी तेल त्याच्याशी बोललं होतं! शिवी देऊन का होईना, पण बोललं होतं. ठसक्यातच त्याला बालपणीचा अंधार आठवला, वडिलांचा आवाज आठवला, आणि हुंदका आला असता तर तोही खोकल्यातच खपून गेला असता. समोर एलादिओ टाळ्या पिटत होता. दोन बोटं वर करून तो आनंदानं ओरडला. "दोनदा खोकलात!" कार्मेलिन हसत म्हणाली. "चांगलं तेल खोकला काढतंच. त्यांच्या गावात असंच मोजतात."

पण खंडेराव उभा राहिला होता. "खवट," तो म्हणाला. "चला दाजी." नाशकातलं शेंबडं पोरही हेच म्हणालं असतं. घशाला धरतं ते तेल बिघडलेलं, नाही तर पिवळ्या धोत्र्याची भेसळ असलेलं. पारख्याला ठसका लागला की डबा नाल्यात ओततात, तिथं हात पुसायचीही वाट बघत नाहीत. खंडेरावानं टोपी घातली आणि कार्मेलिनला हात जोडले. "बाई, राग नको. दाजींचा ठसका म्हणजे हायकोर्ट." तिचं हसू जागच्या जागी राहिलं. एलादिओला काहीच कळलं नव्हतं. तो पावाला तेल लावून दोघांसाठी तुकडे करत होता. आता चिमाजीनं काहीच करायची गरज नव्हती, नुसतं उठायचं होतं. निवाडा झालेला होता, त्याच्याशिवायच झाला होता. टांग्यात बसलं की खंडेराव त्याची तारीफ करील, संध्याकाळपर्यंत पेठेत गोष्ट पसरेल की स्पेनचं तेल चिमाजीनं एका चमच्यात ओळखलं. नाव आणखी मोठं होईल. आणि हा बुटका माणूस, ज्यानं त्याचं बिंग ओळखून ते चमच्याआड झाकलं होतं, आपलं सामान बांधू लागेल. घशातली आग हळूहळू ओसरत चालली होती. ती ओसरू नये असं चिमाजीला वाटलं, फार तीव्रपणे वाटलं, तापात पाणी हवंसं वाटावं तसं.

"खंडू, बस," तो म्हणाला. "मला वास येत नाही."

"सर्दी झाली का?"

"श्रावणापासून येत नाही. मघाचं घासलेट रस्त्याचं नव्हतं, माझ्या डोक्याचं होतं."

खंडेराव हसला. मग त्याचं हसू आटलं. त्यानं पुढं होऊन चिमाजीच्या डोक्याजवळ नाक नेलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. "आणि कार्तिकात माझ्यासाठी तिळाचं घेतलंत ते?" "माणसाचं तोंड बघून." "पौषात परत पाठवलंत ते?" "तेही." खंडेराव खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. तो संतापेल, ताईला सांगेन म्हणेल, निदान अद्वातद्वा तरी बोलेल, असं चिमाजीला वाटलं होतं, आणि त्याची तयारीही झाली होती. पण खंडेरावाचा चेहरा जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा झाला. "मग आता आम्ही कोणाला विचारायचं?" तो म्हणाला. चिमाजीनं चमचा भरून त्याच्यापुढं केला. खंडेरावानं दाराकडं एकदा बघून घेतलं, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसं गिळलं. त्यालाही ठसका लागला. टोपी पडली. डोळे पुसत, खोकत, सगळं ठाऊक झालेलं असूनही, अगदी सवयीनं त्यानं चिमाजीकडं पाहिलं. "कसं हाय, दाजी?"

खिडकीबाहेर टांग्याचा घोडा फुरफुरत होता. कार्मेलिननं नवऱ्याला यातलं काय सांगितलं कोण जाणे, पण त्याच्या हातातली सुरी थांबली होती. आता तो हसत नव्हता. "शेठ," ती म्हणाली, "आम्ही जायचं का राहायचं? एकदा काय ते सांगा."

चिमाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही, एलादिओकडंही नाही. बघितलं असतं तर तोंडावरून काहीतरी ठरवता आलं असतं. हाताला या तेलाचा थेंब नव्हता, नाकाला वास नव्हता, वडील नव्हते. घशात कुठंतरी एक ठिणगी तेवढी उरली होती आणि तीही विझत होती.

"राहा," तो म्हणाला.

"कशावरून सांगता, दाजी?" खंडेरावानं हळूच विचारलं.

"कशावरूनही नाही."

इतकं पोकळ वाक्य त्यानं उभ्या जन्मात पेठेत उच्चारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच भीती वाटली, आणि हलकंही वाटलं. खंडेरावानं खाली वाकून टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली, आणि खुर्ची ओढून पुन्हा बसला.